‘चूल आणि मूल’ यांतील चूल

वक्तृत्व स्पर्धांचे काही विषय कधी जुने होत नाहीत. ‘चूल आणि मूल यांच्या पलीकडची स्त्री’ हा त्यांपैकीच एक. गेली दोन वर्षे श्रोत्यांच्या रांगेत बसून मी या विषयावरची भाषणे ऐकते आहे. वक्ते चुलीवर अगदी तुटून पडतात. चूल म्हणजे दास्य, चूल म्हणजे अज्ञान, चूल म्हणजे युगानुयुगांचा अंधार! टाळ्याही भरपूर पडतात. पण चूल दिवसाला किती जळण खाते, तिचा धूर कशामुळे होतो, तो कोणाच्या छातीत जातो आणि ते जळण कोणाच्या डोक्यावरून येते, याविषयी एकाही वक्त्याने एक वाक्यदेखील उच्चारलेले मी ऐकले नाही. चूल हा आपल्याकडे एक शब्द झाला आहे. ती एक वस्तू आहे, हे आपण विसरून गेलो आहोत.

प्रस्तुत लेखात मला या वस्तूची बाजू मांडायची आहे. बाजू म्हणजे कौतुक नव्हे. चुलीचे कौतुक तिच्यापुढे रोज बसणारी बाई कधी करत नाही. ते हल्ली हमरस्त्यावरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर ‘चुलीवरचे जेवण’ म्हणून वाचायला मिळते. माझे म्हणणे एवढेच आहे की, जिला चुलीपासून सोडवायचे आहे तिची चूल आपण आधी नीट पाहिली पाहिजे. आणि चूल सुधारायची असेल तर ती तिच्यापुढे बसणारीला विचारूनच सुधारली पाहिजे. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भंगारातून एक चूल तयार केली, तिने शिकवले.

आमचे गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात आहे. माझे वडील तालुक्याच्या गावी भंगाराच्या दुकानात वजनमापाचे काम करतात, आई दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाते. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. आमच्या घरी गॅस नाही असे नाही. शेगडी आहे, लाल टाकी आहे, टाकीवर आईने घातलेला रुमालही आहे. पण ही टाकी चहाला, पाहुण्यारावळ्याला आणि पावसाळ्यात जळण भिजले म्हणजे उपयोगी पडते. बाकी भाकरी, कालवण, आणि सर्वांत मुख्य म्हणजे पाच माणसांच्या आंघोळीचे पाणी, हे सारे जळणावरच होते. आमच्या गल्लीत याहून निराळे चित्र असलेली घरे थोडीच आहेत.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि तिच्यातून आजवर दहा कोटींहून अधिक जोडण्या देण्यात आल्या. ही गोष्ट लहान नाही. चुलीपुढे वाकलेल्या कोट्यवधी बायकांच्या दाराशी गॅस आला, याचा आनंद मलाही आहे. पण जोडणी एकदाच मिळते. टाकी मात्र पुन्हा पुन्हा भरावी लागते. १४.२ किलोच्या टाकीचे पैसे एका दिवशी एकदम मोजावे लागतात. ज्या घरात पैसा रोजाने येतो आणि रोजच संपतो, त्या घराला ‘एकदम’ हा शब्दच परवडत नाही. उलट जळणाला पैसे पडत नाहीत, असे सगळे म्हणतात. वास्तविक पाहता जळणालाही किंमत पडते. ती पायांनी, मानेने आणि वेळाने भरायची असते इतकेच. अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला ‘संधी खर्च’ शिकवला जातो. आई दिवसाआड बांधाबांधाने फिरून मोळी आणते, त्या दोन तासांचा संधी खर्च कोणत्या वहीत लिहिला जातो? कोणत्याच नाही. म्हणूनच जळण फुकट ठरते आणि गॅस महाग ठरतो.

आता धुराविषयी. धूर म्हणजे काय, याचे उत्तर मला फार उशिरा कळले आणि ते अगदी साधे निघाले. धूर म्हणजे न जळलेले जळण. लाकूड तापले की त्यातून वायू बाहेर पडतात. त्या वायूंना पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा मिळाली तर ते पेट घेतात. ज्वाळ म्हणतात ती हीच. उष्णता किंवा हवा कमी पडली तर तेच वायू धूर होऊन निघून जातात. तीन दगडांच्या चुलीत नेमके हेच होते. चारी बाजूंनी वारा लागतो, निम्मी धग वाऱ्याबरोबर जाते आणि उरलेली ज्वाळ पूर्ण जळण्याआधीच भांड्याच्या गार बुडावर आदळते. म्हणजे आई जे जळण डोक्यावरून आणते, त्यातलेच काही ती भांड्याच्या बुडाची काजळी म्हणून राखेने घासून काढते आणि काही श्वासावाटे छातीत घेते. एकाच मोळीसाठी ती तीन वेळा राबते.

अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत जाऊन चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले. तोवर हवेचे प्रदूषण म्हणजे शहरातल्या गिरण्यांची धुराडी आणि मोटारगाड्या, असाच समज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण दुसऱ्याच अर्थाने वापरतो. तिचा हा शब्दशः अर्थही एकदा ध्यानात घ्यायला हवा.

माझ्या चुलीचे तत्त्व माझे नाही. लॅरी विनियार्स्की नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९८० च्या दशकात ‘रॉकेट स्टोव्ह’ या नावाने ते मांडले. नाव भारदस्त असले तरी गोष्ट घरगुती आहे. विस्तव अरुंद नळकांड्यात कोंडायचा, नळकांडे रुंदीच्या अडीच-तीनपट उंच ठेवायचे आणि त्याच्याभोवती उष्णता अडवणारी हलकी वस्तू भरायची. मग नळकांड्याच्या आत इतकी धग साठते की धूर वर येतायेताच पेटून जातो. गरम हवा आपोआप वर ओढली जाते, तिच्या मागून खालून ताजी हवा आत येते. फुंकणीचे काम चूल स्वतःच करते.

यासाठी लागलेले सारे सामान वडिलांच्या दुकानातल्या ढिगात मिळाले. पंधरा किलो गोडेतेलाचा रिकामा चौकोनी डबा, उपसा योजनेच्या जुन्या लाइनीतल्या चार इंची लोखंडी पाइपाचे दोन तुकडे, मोडक्या पलंगाचे अँगल आणि सळईचे तीन तुकडे. एक फूट लांबीचा पाइप उभा आणि त्याच्या बुडाशी वीतभर लांबीचा आडवा, असा काटकोन शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतला. डब्याला खालच्या अंगाला छिन्नीने भोक पाडून आडव्या पाइपाचे तोंड बाहेर काढले. पाइप आणि डबा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत चाळलेली कोरडी राख भरली. राखच का? माती, वाळू किंवा सिमेंट घातले तर चूल जास्त धग धरील, असे पुष्कळांना वाटते. परंतु जड वस्तू आधी स्वतः उष्णता पिते आणि मग भांड्याला देते. राख हलकी, तिच्या कणाकणांत हवा अडकलेली असते आणि ही अडकलेली हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. चुलीच्या तोंडात निम्म्या उंचीवर पत्र्याची एक फळी बसवली. फळीवरून काटक्या सारायच्या, फळीखालून हवा आत जाते. वर सळयांवर भांडे पाइपापासून बोटभर उंच राहते. भांड्याभोवती पत्र्याचा आडोसा केला म्हणजे वर आलेली धग भांड्याच्या अंगाला घासूनच बाहेर पडते.

या कामात माझे खरे गुरू माझे वडील होते. ते चौथी शिकलेले आहेत. कोणता पत्रा घ्यायचा यापेक्षा कोणता घ्यायचा नाही, हे त्यांनी मला आधी सांगितले. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा विस्तवाजवळ नको. तापल्यावर त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो घेणाऱ्याला हुडहुडी भरून ताप येतो. फवारणीच्या औषधाचा किंवा रसायनाचा डबा कितीही चांगला दिसला तरी नको. बंद पिंपाला तर गॅसकटर किंवा ग्राइंडर कधीच लावायचा नाही. आतली वाफ पेटून पिंपाचा स्फोट होतो आणि माणूस जागीच जातो. आतल्या बाजूला पातळ पत्रा घालू नये, तो थोड्याच दिवसांत जळून झडतो. तिथे जाड पाइपच हवा. हे सारे ते लोहचुंबक, छिन्नी आणि कान यांच्या जोरावर ओळखतात. पत्रा वाजवून त्याची जात सांगतात. मी त्यांना विचारले, “हे तुम्हांला कुणी शिकवलं?” ते म्हणाले, “शिकवतंय कोण? हात भाजला की कळतं.” महाविद्यालयाच्या दाखल्यावर पालकाचा व्यवसाय लिहिताना मी ‘मजुरी’ असे लिहिते. त्या एका शब्दात हे ज्ञान कुठे मावते, ते मला माहीत नाही.

पण वडिलांपेक्षाही मोठी परीक्षक म्हणजे आई. चूल बनवण्याआधी मी फरशीवर खडूने तिचे चित्र काढून आईला दाखवले. तिने क्षणभर पाहिले आणि विचारले, “आणि भाकरी शेकायची कुठं?” हा प्रश्न कोणत्याही नकाशात नव्हता. भाकरी आधी तव्यावर टाकतात आणि मग चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यासमोर उभी धरून फुगवतात. रॉकेट चुलीच्या तोंडाशी निखारे येतच नाहीत, आणि तिची ज्वाळ तव्याच्या मधोमध एकाच जागी लागते. म्हणजे भाकरी मध्ये करपणार आणि कडेला कच्ची राहणार. तेव्हा आईने निकाल दिला, “भाकरीला माझी चूल ऱ्हाऊ दे. ही तुझी पाण्याला कर. पाण्यालाच जळाण लई जातंय.” तिचे बरोबर होते. आमच्या घरी सर्वांत अधिक जळण पोटाला नव्हे, तर अंगावर घ्यायच्या पाण्याला लागते.

तिची दुसरी अट अशी की पोराचा धक्का लागला तरी पातेले कलंडता कामा नये. म्हणून पलंगाच्या अँगलची चौकट करून तिचे पाय जमिनीत रोवले. भरल्या पातेल्याचा भार डब्यावर न येता चौकटीवर येतो. तिसरी हरकत सर्वांत अवघड होती. “एवढं बारीक जळाण फोडणार कोण?” चार इंचांच्या तोंडात ओंडका जात नाही, तुरकाट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या बारक्या फांद्या चालतात, पण त्याही मोडून ठेवाव्या लागतात. म्हणजे धुराची कटकट वाचवायची आणि तिच्या जागी कुऱ्हाडीची आणायची, यात आईचा फायदा कोणता? शेवटी काटक्या मोडण्याचे काम माझ्या धाकट्या भावाकडे आले. तो शाळेत जाण्यापूर्वी दिवसाचा वाटा मोडून ठेवतो. या चुलीतली सर्वांत मोठी सुधारणा कदाचित हीच असावी.

ही चूल आज आमच्या परसात न्हाणीजवळ आहे. आईच्या हिशेबाने पाण्याच्या जळणात तिसरा हिस्सा तरी वाचतो. पेटवताना थोडा धूर होतो, काटकी ओली असली तर जास्त होतो. पेट धरला की जवळजवळ दिसेनासा होतो. तरीही ती निर्धूर आहे असे मी म्हणणार नाही. धूर डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो नसतोच असे नाही. ती उघड्यावरच वापरायची चीज आहे, बंद खोलीत नव्हे.

हे काम माझ्याआधी फार मोठ्या माणसांनी हाती घेतलेले आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली चालले, ‘मगनचूल’ तिथलीच. १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि कोट्यवधी चुली बसवल्या. तो २००२ मध्ये बंद झाला. पुढे ओडिशातील ४४ खेड्यांत सुमारे २६०० कुटुंबांचा अभ्यास झाला. तो करणाऱ्यांत २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या एस्थर डुफ्लो होत्या. धुराडे असलेल्या नव्या चुलींनी पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला. पण पुढल्या वर्षांत तो फायदा उरला नाही. कारण चुली नेमाने वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभाल झाली नाही. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल घरात नापास झाली.

ही हकीकत वाचून कोणी म्हणेल, खेड्यातली बाईच अडाणी, तिला सुधारणा नको असते. मला तसे वाटत नाही. फरशीवरच्या खडूच्या चित्राकडे पाहून आईने जे तीन प्रश्न विचारले, ते अडाण्याचे प्रश्न नव्हते. भाकरी कुठे शेकायची, पोराला भाजणार नाही ना, आणि वाढलेले काम कोणी करायचे? ज्या चुलीपाशी या प्रश्नांची उत्तरे नाहीत, ती बाईने कोपऱ्यात सारली तर दोष बाईचा नव्हे. तिने ती वापरून पाहिली आणि आपले मत दिले. ते मत कोणी लिहून घेतले नाही, इतकेच.

माझ्या या लेखावर दोन आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला असा की, आजच्या काळात लाकडाच्या चुली कसल्या सुधारता? गॅस आणि वीज हेच खरे उत्तर आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. माझ्या आईने उरलेले आयुष्य डब्याच्या चुलीपुढे काढावे अशी माझी इच्छा नाही. गरिबाने भंगारातच समाधान मानावे, असे सांगणाऱ्या साधेपणाचा मला राग येतो. पण टाकी वर्षभर परवडेल तो दिवस अजून यायचा आहे आणि पाणी मात्र उद्या सकाळी तापवायचे आहे. या दोहोंच्या मधल्या काळाचे काय? मोठ्या उत्तराची वाट पाहताना छोटे उत्तर शोधूच नये, असा नियम कोणी केला? तो नियम सोयीचा आहे तो धूर न घेणाऱ्यांना.

दुसरा आक्षेप आमच्या गल्लीनेच घेतला. चूल पाहायला आलेल्या शेजारच्या काकू हसत म्हणाल्या, “कालेजात जाऊन शेवटी चूलच केलीस की गं!” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या थट्टेत एक गंभीर समजूत दडलेली आहे आणि ती आपल्या महाविद्यालयातही आहे. शिक्षण म्हणजे हाताला काळे लागण्यापासून सुटका, ही ती समजूत. कला शाखेच्या विद्यार्थ्याने कवितेवर बोलावे, क्रांतीवर बोलावे. पण पाइपाला राख का भरतात यावर बोलले की तो ‘आयटीआय’चा विषय होतो. आमच्यासारख्या घरांतून येणाऱ्या मुलांना ही समजूत फार महागात पडते. आपण घरातून जे शिकून आलो ते फाटकाबाहेर ठेवून आत यायचे, अशी आमची खात्री करून दिली जाते. मग आम्ही आईबापांच्या कष्टांवर सुंदर निबंध लिहितो. पण त्या कष्टांत कोणते ज्ञान आहे आणि कोणता भाग विनाकारण आहे, हे मात्र तपासत नाही. त्या काकूंनी जाताना आणखी एक वाक्य म्हटले, “मला बी एक करून दे, पर तोंड जरा मोठं ठेव.” या वाक्यात थट्टा नव्हती. ती एक मागणी होती आणि सूचनाही होती.

म्हणून माझी विद्यार्थी मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एक विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दर वर्षी सात दिवस एखाद्या खेड्यात असते. आपण तिथे रस्ते झाडतो, रोपे लावतो, प्रभातफेरी काढतो, पथनाट्य करतो. या सातांपैकी एक दिवस आपण चुलीला द्यावा. भाषण द्यायला नव्हे, विचारायला आणि मोजायला जावे. घरात रोज किती जळण लागते, ते कुठून येते, आणायला कोण जाते, किती वेळ जातो, टाकी असूनही ती का पेटत नाही, हे घरोघर विचारून लिहावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या वेळाचा हिशेब मांडावा. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी जळण कोणत्या माळावरून आणि ओढ्याकाठून येते त्याचा नकाशा काढावा. मराठीच्या विद्यार्थ्यांनी वैल, फुंकणी, इंगळ, शेणी, जळण हे शब्द बायकांच्या तोंडून टिपून घ्यावेत. ते लवकरच फक्त शब्दकोशात उरतील. आणि मुलांनी, विशेषतः वक्तृत्व स्पर्धेत भाग घेणाऱ्या मुलांनी, एका सकाळी स्वतः चूल पेटवून शिबिराचे पाणी तापवावे. त्या दिवसाच्या वहीत जे जमा होईल, तेवढी माहिती आपल्या परिसराविषयी आज कोणाकडेच नसेल. पुढे ज्यांना चूल सुधारायची असेल, किंवा टाकी स्वस्त करा असे सरकारकडे मागायचे असेल, त्यांच्या हाती ती वही देता येईल.

खर्च काही नाही. एक वही, चार पेन्सिली आणि मोळी तोलायला एक काटा. तो काटा वडिलांच्या दुकानातून मी मागून आणीन.

(द्वितीय वर्ष, कला)